कृष्णेच्या डाव्या काठाने

शुक्रवार : लोणंद, आदर्की, वाठार

पुण्याहून साताऱ्याला रस्त्याने जेमतेम एकशे दहा-पंधरा किलोमीटर. रेल्वेने तेच अंतर १४५. त्यामुळे साताऱ्याचा माणूस पुण्याला जायला एसटी धरतो, नाहीतर स्वतःची गाडी काढतो, आणि खंबाटकीत कोंडी लागली की सगळ्यांना शिव्या देतो. रेल्वे त्याच्या हिशेबातच नसते. एवढा फेरा कशाला मारलाय असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: इंग्रजांनी केलं, त्यांना काय पडलं होतं!

त्यांना काय पडलं होतं ते लोणंदला गाडीत बसलं की खिडकीतून दिसतं. लोणंद आहे नीरेच्या खोऱ्यात. कृष्णेचं खोरं पलीकडे, आणि मधे महादेवाच्या डोंगराची रांग. मोटारीला खंबाटकी चढवता येते, घोड्याला सालप्याचा घाट चढवता येतो. लोखंडी रुळावर लोखंडी चाक मात्र थोडा चढ वाढला की जागच्या जागी फिरायला लागतं. म्हणून रेल्वे पुण्यातून निघते ती सरळ दक्षिणेला न येता पूर्वेकडे सरकते, शिंदवणे-आंबळ्याचा घाट चढून जेजुरीला येते, नीरा ओलांडून लोणंदला टेकते आणि मग डोंगरात जिथे सगळ्यात कमी त्रास आहे अशी खिंड शोधत आदर्कीकडे वळते.

आमचे मामा लोणंदचे. रेल्वेत हंगामी खलाशी म्हणून लागले ते मीटरगेजचे अरुंद रूळ काढून ब्रॉडगेजचे रुंद रूळ टाकायचं काम चालू असताना. पुढे रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये गेले आणि कीमन म्हणून निवृत्त झाले. मी सांगलीचा. बरेच दिवस म्हणत होतो, मामा, एकदा तुमची लाईन तुमच्याबरोबर बघायची आहे. यंदा दिवाळीनंतर योग आला. ठरलं असं की एक्स्प्रेसने जायचं नाही. पॅसेंजर मिळेल ती धरायची, वाटेल तिथे उतरायचं, रात्री पाहुण्यांकडे टेकायचं आणि मिरजेपर्यंत यायचं. जमलं तर पुढे पंढरपूरच्या लाईनवरही.

लोणंद म्हणजे कांद्याची पेठ. स्टेशनाबाहेर आलं की वासच सांगतो. आषाढात माउलींची पालखी नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात शिरते तीही इथेच मुक्कामाला येते. अलीकडे इथून फलटणला लाईन गेली आहे. फलटणकरांना रेल्वे हवी ही मागणी माझ्या आजोबांच्या काळातली, गाडी आली ती आत्ता आत्ता.

गाडी सुटली आणि मामा उठून दारात गेले. सत्तरी केव्हाच ओलांडलेला माणूस, पण दारातल्या दांड्याला असा हात घातला की मला काळजी वाटेना. सालपं गेलं आणि चढ सुरू झाला. इंजिनाचा आवाज बदलतो हे मलाही कळलं. मामांना मात्र पायाखालच्या आवाजात वेगळंच ऐकू येत होतं.

"आता बघ, बाहेरचा रूळ वर आलाय. गाडी आत कलली का नाही?"

कलली होती. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, म्हणजे गाडी बाहेर फेकली जात नाही. हे पुस्तकात वाचलेलं असतं. पण त्या उंचीचा रोज हिशेब ठेवणारा माणूस शेजारी उभा असला की गोष्ट वेगळी होते. कीमनचं काम म्हणजे आपल्या हद्दीतला प्रत्येक रूळ रोज पायी बघायचा. खांद्यावर हातोडा आणि पाना. रूळ धरून ठेवणारी चावी ढिली झाली की ठोकायची, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचा बोल्ट सैल वाटला की आवळायचा, रुळाला चीर दिसली की लाल झेंडी लावून गाडी थांबवायची. घाटातल्या वळणावर बाहेरच्या रुळाची आतली कड चाकं घासून घासून झिजते. ती झीज मामा बोटाने बघायचे. अंगठा रुळाच्या डोक्यावर आणि तर्जनी आतल्या कडेला. दारात उभं राहून त्यांनी तसंच करून दाखवलं, हवेत, आणि बोटं दोनदा त्या नसलेल्या कडेवरून फिरवली. "मापाची पट्टी साहेबाकडं असायची. आमाला बोटानंच कळायचं."

आदर्कीला लाईन घोड्याच्या नालासारखी वळते. आपण मधल्या डब्यात असलो तर एका बाजूला इंजिन दिसतं आणि त्याच बाजूला मागचा शेवटचा डबाही. दरीच्या पलीकडे ज्या उंचीवर आपल्याला पोचायचं आहे ते रूळ आधीच दिसत असतात. सरळ पोचायची सोय नाही, म्हणून दरीच्या कडेकडेने लांब फेरी मारत उंची कमवायची. हा नुसता देखावा नाही, घाटातल्या रेल्वेची सगळी अक्कल एवढ्यातच आहे. आता शेजारी दुसरा मार्ग पडलाय, डोक्यावर विजेच्या तारा आल्यात, पण खिंड जुनीच.

पावसाळ्यात इथे रात्रीची गस्त असायची. पेट्रोलमन हातात बत्ती, कमरेला फटाके घेऊन आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत चालत जायचा. तिथे पलीकडच्या हद्दीचा माणूस आलेला असायचा. दोघांनी आपापली वही एकमेकांना द्यायची आणि परत फिरायचं. वही बदलली म्हणजे दोन्ही बाजू कुणीतरी पायी बघितल्यात हे नक्की. दरड पडलेली दिसली तर रुळावर ठरलेल्या अंतरांवर फटाके लावायचे. इंजिनाचं चाक वरून गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. भीती वाटायची का असं मी विचारलं. मामा म्हणाले, "दरडीची न्हाय. इच्चूकाट्याची."

माथ्यावरून गाडी वाठारच्या बाजूला उतरते आणि आपण कृष्णेच्या खोऱ्यात येतो. वाठारजवळची वसना नदी कृष्णेला मिळते. मागे ठेवलेली नीरा भीमेला. भीमा पुढे कर्नाटकात कृष्णेलाच जाऊन मिळते, म्हणजे या डोंगराने वेगळं केलेलं पाणी शेवटी एकच. पण रेल्वेला तेवढी वाट बघणं परवडत नाही.

वाठारला उतरलो. या गावाचं नावच 'वाठार स्टेशन'. आज इथे फार कुणी उतरत नाही. एके काळी महाबळेश्वर आणि पाचगणीला जाणारा प्रत्येक साहेब, पारशी शेटजी आणि त्यांचा बाडबिस्तरा इथे उतरत असे. इथून टांग्याने वाई, मग पसरणीचा घाट, पाचगणी आणि महाबळेश्वर. साठेक किलोमीटरचा रस्ता. थंड हवेच्या ठिकाणाला स्वतःची डोंगरी रेल्वे मिळाली ती माथेरानला, दार्जिलिंगला, उटीला. महाबळेश्वर ही मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराची उन्हाळ्यातली जागा, पण त्याच्या नशिबी वाठारचा टांगाच आला. पुढे मोटारी आल्या, पुण्याहून थेट रस्त्याने जाता यायला लागलं आणि वाठारचं महत्त्व संपलं.

रात्री वाठारलाच मामांच्या जुन्या सहकाऱ्याकडे मुक्काम. बाजरीची भाकरी, घेवड्याची आमटी आणि बारा वाजेपर्यंत गँगमधल्या लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

शनिवार : सातारा रोड, सातारा, ओगलेवाडी

थोडा इतिहास इथेच सांगून टाकतो, कारण गाडी उशिरा आली आणि मला फलाटावर तो विचार करायला वेळ मिळाला.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनला फार वाईट गेला. धान्य दुसरीकडे होतं, पण इथपर्यंत आणायला साधन नव्हतं. बैलगाडीने आणायचं तर वाटेत बैलच आधी मरत. त्यानंतर सरकारने नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये सांगितलं की दुष्काळी मुलखात रेल्वे न्या, नफा होवो न होवो. त्या धोरणातून १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली. मीटरगेज निवडलं, कारण स्वस्त. रूळ हलके, वळणं तीव्र घेता येतात, डोंगर कमी फोडावा लागतो. १८८६-८७ मध्ये पुण्याहून साताऱ्याच्या मुलखातून मिरजेपर्यंत गाडी आली. कोल्हापूर संस्थानाने मिरज ते कोल्हापूर स्वतःची लाईन टाकली, ती १८९१ मध्ये सुरू झाली. १९०८ मध्ये मूळ कंपनी मद्रास रेल्वेत मिसळली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. जुनी माणसं अजून 'एमएसएम' म्हणतात ती हीच.

आता या लाईनचा स्वभाव. नकाशा समोर धरा. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत ही रेल्वे कृष्णेच्या डाव्या काठाने येते आणि एकदाही कृष्णा ओलांडत नाही. एवढ्या मोठ्या नदीवर पूल बांधायचा म्हणजे खर्च. म्हणून कंपनीने काठ सोडला नाही. उपनद्या ओलांडल्या, कृष्णा नाही. परिणाम असा झाला की नदीच्या उजव्या अंगाला असलेली गावं, म्हणजे सातारा आणि कराड, लाईनपासून बाजूला पडली. छत्रपतींच्या राजधानीला रेल्वे आली पण शहरात आली नाही. स्टेशन झालं दहा मैलांवर, जरंडेश्वराच्या डोंगरापलीकडे, आणि त्याचं नाव पडलं सातारा रोड. तसंच कुंडल रोड. तसंच, पुढे येईल ते, जत रोड. 'रोड' नावाचं स्टेशन म्हणजे रेल्वेने सरळ सांगितलेलं असतं: इथे उतरा, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

पण गंमत पुढेच आहे. शहरांना जे वाईट गेलं ते माळरानांना फळलं. स्टेशन गावाबाहेर, माळावर. तिथे जमीन स्वस्त, कोळसा आणि लोखंड थेट दारात उतरणार, तयार माल तिथूनच चढणार. या लाईनवरची कारखानदारी साताऱ्यात किंवा कराड शहरात उभी राहिली नाही. ती उभी राहिली या 'रोड' स्टेशनांच्या अंगणात. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना, आधी लोखंडी नांगर आणि मग डिझेल इंजिन. देशात डिझेल इंजिन बनवणाऱ्या अगदी पहिल्या कारखान्यांतला तो एक. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. सरकार टिकलं काही महिनेच. कराडच्या स्टेशनाशी ओगल्यांचा काच कारखाना. कुंडल रोडला किर्लोस्कर. आणि या तिन्ही कारखान्यांशी संबंध आलेला एक माणूस होता, कर्मवीर भाऊराव पाटील. नोकरीच्या निमित्ताने ते जिल्हाभर हिंडले, नांगर विकले, आणि हिंडताना शेतकऱ्याच्या पोराची शाळा कशी होत नाही हे बघितलं. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. रयतच्या इतिहासात या रेल्वेचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. मला वाटतं करावा.

सातारा रोडला आता गाडी जात नाही. ब्रॉडगेज टाकताना मार्ग बदलला, लाईन जरंडेश्वराला वळसा घालून माहुलीकडे आणली आणि साताऱ्याला नवं स्टेशन मिळालं. तेही शहरात नाहीच, पण दहा मैलांवरून चार-पाच मैलांवर आलं हे खरं. नकाशावर तिथे लाईन अशी काही वळते की साताऱ्याला शिवून लगेच उलटी कोरेगावकडे पळते. आम्ही वाठारहून वडापने, म्हणजे शेअर जीपने, सातारा रोडला गेलो. मामांनी रस्त्याकडेच्या शेतातला एक लांबच लांब उंचवटा दाखवला. "हितनं जायची." उंचवट्यावर एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला कडब्याची गंज. खाली एका ओढ्यावर काळ्या घडीव दगडाची दोन तोंडं उभी, वर पूल नाही. दगड इतके नीट बसवलेले की सांध्यात नखही जाऊ नये.

तिथून सातारा शहरात. दुपारचं जेवण मावसभावाकडे. तो म्हणाला, स्टेशनला जायला रिक्षावाला जेवढे घेतो त्यात पुण्याचं एसटीचं अर्धं तिकीट निघतं. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

संध्याकाळची गाडी धरून कराडला निघालो. कोरेगाव, मग रहिमतपूर. औंधला जाणारे पाहुणे रहिमतपूरला उतरायचे. औंध संस्थान लहान, पण त्याचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हौशी आणि दिलदार. स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत, सूर्यनमस्काराचा प्रचार करत. त्यांचं संग्रहालय अजून औंधला आहे. त्यांच्या दिलदारीचा दुसरा पुरावा उद्याच्या वाटेवर. तारगाव, मसूर, शिरवडे ही स्टेशनं अंधारात गेली. उसाच्या फडांतून ट्रॅक्टरांचे दिवे दिसत होते. हंगाम सुरू झाला होता.

कराडचं स्टेशन ओगलेवाडीत आहे. कराड शहर नदीपलीकडे, पाच-सहा किलोमीटरवर. ओगल्यांचा काच कारखाना १९१६ चा. काचेच्या भट्टीला कोळसा लागतो तो रेल्वेने यायचा, आणि काच बैलगाडीने लांब पाठवली तर पोचतात ती काचांची पोती. कारखाना रुळाला चिकटून असणं ही इथे सोय नव्हती, ती अट होती. इथेच 'प्रभाकर' कंदील तयार झाला. महाराष्ट्रात वीज येण्याआधीच्या दोन पिढ्यांनी त्याच्या उजेडात अभ्यास केला, गाई दोहल्या, बाळंतपणं केली.

ज्यांच्याकडे राहिलो त्यांच्या माळ्यावर एक प्रभाकर होता. खाली काढला. हिरवट रंग गेलेला, टाकीवर नाव उठवलेलं, बोट फिरवलं तर अजून लागतं. काच मूळची. वात वर-खाली करायची चावी गंजलेली, पण मामांनी रॉकेलचं फडकं लावून पाच मिनिटं कुरवाळली आणि ती फिरली. कंदिलाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या पोकळ असतात, वरची तापलेली हवा त्यांतून खाली जळणाऱ्या वातीकडे परत येते, म्हणून वाऱ्यात ज्योत विझत नाही. मामांना विचारलं, गस्तीला हाच न्यायचात का? "छ्या. ती सरकारी बत्ती. लाल-हिरवी काच असायची तिला. हा घरात."

रविवार : शेणोली, किर्लोस्करवाडी, सांगली

कराडनंतरचं स्टेशन शेणोली. लहान, आणि एक्स्प्रेसच्या खिडकीतून नाव वाचायच्या आत निघून जाणारं. पण मला या सगळ्या वाटेवर जर कुठे थांबायचंच होतं तर इथे.

७ जून १९४३. बेचाळीसच्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचाही बराच भाग त्यातच, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. त्याची सशस्त्र फळी म्हणजे तुफान सेना. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीतून सरकारी पगाराची रोकड येते अशी खबर होती. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड यांच्या नेतृत्वाखाली तुकडीने शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून गाडी थांबवली. गाडी मागे जाऊ नये म्हणून मागेही दगड टाकले. तुकडीकडे हत्यारं म्हणाल तर विळे, काठ्या आणि थोडे गावठी बॉम्ब. रोकड घेतली आणि प्रतिसरकारच्या कामाला लावली. याला लूट म्हटलेलं कॅप्टन भाऊंना अखेरपर्यंत आवडलं नाही. पैसा लोकांचाच होता, तो परत आणला, एवढंच. ते २०२२ मध्ये गेले.

रुळांजवळ छोटं स्मारक आहे. तिथे उभं राहून मामा मात्र वेगळाच विचार करत होते. गाडी थांबवायला जागा कशी निवडली असेल? ड्रायव्हरला दगड दिसायला हवेत, म्हणजे तो ब्रेक मारेल आणि गाडी घसरणार नाही. पण फार लांबून दिसले तर तो गाडी मागे घेईल. त्यांनी दोन्ही बाजूंना चालून बघितलं आणि म्हणाले, "कुणीतरी रेल्वेतला माणूस सांगणारा आसणार." याला पुरावा काही नाही. कीमनचा अंदाज.

शेणोलीच्या पुढे भवानीनगर, ताकारी. नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र याच टापूत. मग किर्लोस्करवाडी, म्हणजे जुना कुंडल रोड. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतांनी आपल्या संस्थानातला हा माळ दिला, वर दहा हजार रुपये कर्ज दिलं. काल म्हटलं तो दिलदारीचा पुरावा हा. १९१० मध्ये लक्ष्मणराव आले तेव्हा इथे निवडुंग आणि साप सोडून काही नव्हतं. माळाची एकच जमेची बाजू: रेल्वेचं स्टेशन. लोखंडी नांगर इथून गाडीत चढले ते मुलुखभर गेले. पुढे स्टेशनानेच आपलं नाव बदललं. कारखान्यामुळे स्टेशनाचं नाव बदलणं ही गोष्ट आपल्याकडे फार वेळा घडलेली नाही. आज पुणे–कोल्हापूर वंदे भारत सातारा, कराड, सांगली, मिरजेबरोबर इथेही थांबते.

अमणापूर, भिलवडी, येरळेचा पूल, नांद्रे, माधवनगर. इथली जमीन काळी, सपाट. मामांना या भागात रस नव्हता. त्यांच्या मते घाट संपला की लाईनमध्ये बघण्यासारखं काही राहत नाही. मी सांगलीचा असल्यामुळे गप्प बसलो आणि भडंगाचा पुडा फोडला.

सांगलीची कथा साताऱ्याहून वेगळी. सांगली कृष्णेच्या डाव्याच काठाला, तरी मूळ लाईन तिला टाळून मिरजेला गेली. मिरज हे जंक्शन, सांगली नुसती हळदीची पेठ. सांगली संस्थानाने मग १९०७ मध्ये स्वतःच्या खर्चाने मिरजेपासून सांगलीपर्यंत जेमतेम पाच मैलांचा फाटा टाकून घेतला. हरिपूरच्या पेवांतून काढलेली हळद पोती भरून या फाट्याने मिरजेला जायची आणि तिथून जगात. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. १९७१ पर्यंत पुणे–कोल्हापूर ब्रॉडगेज झालं तेव्हा सांगली मुख्य मार्गावर आली. तोवर मुंबईला जायचं तर पुण्याला गाडी बदलायची. रूळच वेगळे. आई सांगते, लग्नातली भांडी पुण्याच्या फलाटावर एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवताना एक पितळी घागर राहिली ती राहिलीच.

रात्री घरी. मामांनी पाय शेकून घेतले.

सोमवार : मिरज आणि नॅरोगेजची वाट

मिरजेला सकाळी पोचलो. एके काळी या स्टेशनात तिन्ही मापांचे रूळ होते. पुण्याकडून ब्रॉडगेज, बेळगावकडे मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडे नॅरोगेज. एका गाडीतला माल दुसरीत चढवायला हमालांच्या टोळ्या असायच्या. साखर, गूळ, हळद, खत, सगळं पाठीवरून. रूळ एका मापाचे झाले हे देशाच्या दृष्टीने चांगलंच झालं, पण त्या टोळ्यांचं काम गेलं, आणि त्याची नोंद कुठल्या उद्घाटनाच्या कोनशिलेवर नाही.

मिरज डॉक्टरांचं गाव झालं त्यातही रेल्वेचा हात आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल काढलं आणि तीन दिशांनी येणाऱ्या गाड्यांनी रोगी आणले. सतारी-तंबोऱ्यांचं गाव म्हणूनही मिरजेचं नाव आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला राहायचे. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांना अस्वस्थ वाटायला लागलं. सिंगपेरुमाळकोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरून त्यांनी फलाटावर बिछाना टाकला आणि तिथेच त्यांचा शेवट झाला. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसाला तिथे अजून गवई हजेरी लावतात. मामांना गाण्यातलं कळत नाही, पण दर्ग्यात त्यांनी टोपी सारखी करून हात जोडले.

दुपारची पंढरपूरकडची गाडी पकडली. हा मार्ग मूळचा बार्शी लाईटचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराची ही करामत. त्याचं म्हणणं साधं होतं: रूळ अडीच फुटांवर ठेवा, प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ देऊ नका, मग हलक्या रुळांवरही भरपूर माल नेता येतो. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाव अशी पहिली गाडी सुटली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. कंपनी विलायतेतली, गिऱ्हाईक विठोबाचं. आषाढी-कार्तिकीला डबे कमी पडायचे. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. गाडी इतकी हळू की लोक उतरून शेतातली बोरं खाऊन पुन्हा चढायचे ही गोष्ट मी प्रत्येक नॅरोगेजबद्दल ऐकली आहे. मामांच्या मते ती कुठेच खरी नाही, "चढावर पाय घसरला तर चाकाखाली जाशील, बोरं कसली खातोस!"

आरग, बेळंकी, सलगरे. कृष्णाकाठचा हिरवा ऊस मागे पडला आणि माळ सुरू झाला. द्राक्षांचे मांडव दिसतात ते टँकरच्या आणि आता उपसा योजनांच्या पाण्यावर. हा दुष्काळी पट्टा. याच वाटेने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख. पुढे पन्नास वाघिणींची गाडी जायला लागली. काही महिने चालली. वाट मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. म्हणजे कॅलथ्रॉपच्या जुन्या लाईनचा जवळजवळ सगळा पल्ला. नॅरोगेजचं ब्रॉडगेज झालं नसतं तर एवढ्या वजनाच्या वाघिणी या मार्गावर चालल्याच नसत्या. दुष्काळासाठी रेल्वे हवी असं १८८० मध्ये आयोगाने म्हटलं होतं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे धान्य होतं. पाणी नव्हतं.

मंगळवारी मला कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून मी कवठेमहांकाळला उतरलो. मामा उतरायला तयार नव्हते. पंढरपूरला दर्शन घेऊन कुर्डुवाडीला जाणार, आणि तिथून गाडी असली तर लातूरही बघणार म्हणाले, कारण त्या बाजूला त्यांची कधी ड्युटी लागली नव्हती. पुढचं स्टेशन लंगरपेठ, मग ढालगाव, मग जत रोड. जत गाव स्टेशनापासून किती लांब आहे ते विचारून मला फोन करा असं मी खिडकीतून ओरडलो. स्टेशनाबाहेर मिरजेची वडाप उभीच होती, दोन माणसं कमी म्हणून थांबलेली.